लहरींना चुडाव्यात थांबा नाही

धुरपताआत्याचा आवाज शेवटी रेडिओवर आला आणि अख्ख्या चुडाव्यानं तो ऐकला. त्यासाठी चुडाव्यात कधीही न थांबणारी एक्सप्रेस थांबली, आणि त्या एक्सप्रेसमधून दोन माणसं खाली उतरली. त्यांना चुडाव्यात काही काम नव्हतं, पण अशी संधी परत येणार नाही हे त्यांनी ओळखलं.

असं काहीही झालेलं नाही.

एक्सप्रेस थांबली नाही, लाल कंदील कुणी दाखवला नाही, आणि धुरपताबाई नावाची बाई आमच्या गावात असलीच तर त्या संध्याकाळी ती घरात भाकरी थापत होती. रेल्वेचे साहेब चौकशीला आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि सगळ्यांनी शब्दाला शब्द सारखं सांगितल्यामुळं साहेबांचा संशय वाढला. तेव्हा पुढं लिहितो आहे ते न झालेल्या गोष्टीचं वर्णन आहे. वाचणारानं तसंच वाचावं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली, आणि तेव्हापासून घरचं दळण तिच्याकडं. दळताना ती ओव्या म्हणायची. मग गावात पिठाची गिरणी आली. दळण थांबलं, तशा ओव्याही थांबल्या. गिरणीपुढच्या रांगेत डबा घेऊन ओवी म्हणायची पद्धत आमच्याकडं अजून निघालेली नाही.

त्या वर्षी परभणीला शेतकरी मेळावा भरला. फुकट बियाणं मिळतं असं कळल्यामुळं आत्या शेजारच्या कडूबाईसोबत गेली. बियाणं संपलं होतं. पण तिथंच रेडिओवाल्या बाई ओव्या म्हणणाऱ्या बाया शोधत होत्या आणि त्यांची रांग लहान होती. आत्या त्या रांगेत लागली. तिला एका खोलीत बसवलं, ओव्या म्हणवून घेतल्या, आणि पुढच्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, सांजच्याला लागतील म्हणून सांगितलं.

"भिताडाला बी रजई पांघरली होती," आत्या घरी येऊन म्हणाली. "बाहीरचं काय आयकू येईना. माझं मला बी आयकू येईना, इतकी मी भेले."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "चंद्या, मला माझा आवाज कसा हाय ते ठावं न्हाई."

"रोज तर बोलतीस की."

"बोलणं येगळं. गायचे तवा जातं घरघरायचं. ह्या कानात जातं, त्या कानात जातं. जात्याबिगर माझा आवाज मी एकदा बी आयकला न्हाई. एकदा आयकायचा हाय. बास."

एवढीच तिची मागणी होती. सरकारदरबारी याहून मोठ्या मागण्या पडून असतात, त्यामुळं ही सहज पुरी होईल असं मला वाटलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा होतो. विद्यापीठाचं नाव काय असावं यावरून सगळा मराठवाडा पेटला होता. माझ्या मार्कांबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. नापास झालो होतो तो भौतिकशास्त्रात, आणि त्यातही विद्युतचुंबकीय लहरींच्या प्रश्नात. म्हणून गावात लहरींबद्दल काही विचारायचं झालं तर लोक मलाच विचारत. हा माणूस त्या विषयात नापास आहे म्हणजे त्या विषयात होता तरी, असा त्यांचा हिशोब.

स्टेशनरोडला शिवरुद्रअप्पांचं किराणा दुकान. अप्पांच्या कपाळाला भस्म, हातात तागडी, आणि मागच्या फळीवर गावातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा रेडिओ. आत्या दाराशी बसून ज्वारीतले खडे वेचत होती. माणिकराव पोत्यावर बसले होते. माणिकराव रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन. आयुष्यभर हातोड्यानं रूळ ठोकून बघितल्यामुळं कुठलीही गोष्ट ठोकून द्यायची त्यांना सवय लागली होती.

"धुरपताबाई, उगं आस लावू नका," ते म्हणाले. "मोठी पटरी आली की रेडिओ बंद."

त्या दिवसांत आमच्याकडं लहान पटरीच्या बाजूला मोठ्या पटरीचं काम निघालं होतं. स्टेशनात खडी पडली होती, ठेकेदाराची माणसं तंबू ठोकून राहिली होती.

"पटरीचा आन् रेडिओचा काय संबंध?" मी विचारलं.

"रेडिओवाला सोता रोज सांगतो. मध्यम लहर, अमुक मीटर. काय म्हणतो? मीटर! आपली पटरी कोन्ची? मीटरगेज. ती काढून टाकायलेत. मीटरच ऱ्हायला न्हाई तर लहर येणार कशावरून? शेताच्या धुऱ्यावरून?"

अप्पांनी तागडी अर्ध्यावर धरली. गिऱ्हाईक थांबलं. "काय चंद्रभान, तुमचं शास्तर काय म्हणायलंय?"

मी म्हणालो, "तो मीटर वेगळा. तो लहरीच्या लांबीचा. मध्यम लहर इथून स्टेशनाएवढी लांब असते."

"मोजली कुणी?"

"हिशोबानं निघते."

"साखळीनं मोजली न्हाई ना?" माणिकराव म्हणाले. "मग झालं."

मी चिडून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मध्यम लहर जमिनीला धरून, गावागावातून चालते. लघुलहर तिच्याहून आखूड, ती वर आभाळात जाते, तिथल्या एका थराला आपटते आणि परत खाली येते, म्हणून अप्पांच्या रेडिओवर रात्री परदेशातलं कुणीतरी खोकताना ऐकू येतं. सूक्ष्मलहर बोटभर. ती नाकासमोर सरळ जाते, तिच्यासाठी एका टॉवरला दुसरा टॉवर दिसावा लागतो. टेलिफोनवाल्यांच्या टॉवरला जे ढोल लटकलेले दिसतात ते तिचेच.

"सरळ जाती म्हणतो, मग मधी बैल आला तर?" कडूबाईनं विचारलं. ती साखर घ्यायला आली होती.

"टॉवर उंच असतो, बैल मध्ये येत नाही."

"आमचा येतो," कडूबाई म्हणाली.

माणिकरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. मला समजलं. मध्यम लहर म्हंजे पॅसेंजर, गावोगाव थांबत जायची. लघुलहर म्हंजे शंटिंगचं इंजिन, तकडं जाऊन धडकायचं आन् माघारी यायचं. आन् सूक्ष्म म्हंजे एक्सप्रेस, चुडाव्याकडं बघायची बी न्हाई. बराबर?"

आमच्या सरांपेक्षा हे बरं होतं, हे मला कबूल करावं लागलं. तिथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "फक्त एक आहे. या सगळ्या लहरी एकाच वेगानं जातात."



"पॅसेंजर आन् एक्सप्रेस," माणिकराव सावकाश म्हणाले, "एकाच येगानं?"

"हो."

"चंद्रभान, तुमी नापास कशानं झाले ते आज कळालं."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत, पण त्यांच्या हातातली तागडी हलली. मी आणखी जोरात म्हणालो, "उजेडसुद्धा लहरच असतो! तीच जात, फक्त फार बारीक!"

"मग माझा नोकरीतला लाल कंदील बी रेडिओच म्हणा."

"तसंच म्हणायचं."

"बातम्या कवा लागत्यात त्याच्यावर?"

आता आत्यानं ज्वारीतून मान वर केली. "लाल उजेड बी लहरच का रं?"

"हो. उजेडात सगळ्यांत लांब लाल."

"आन् ती काय सांगती?"

उत्तर माणिकरावांनी दिलं. "ती येकच सांगती. थांब. लाल दिसला की थांबायचं, का म्हणून इचारायचं न्हाई. सारी नोकरी केली त्याच्यावर."

आत्यानं मान खाली घातली आणि एक खडा बाहेर फेकला. मी घरी आलो. समजावून सांगता सांगता मला जे थोडंफार समजलेलं होतं तेही दुकानातच राहिलं.

बेस्तरवारी संध्याकाळी अप्पांच्या दुकानापुढं गर्दी झाली. वडील धुतलेली टोपी घालून आले. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, म्हणजे रेडिओतून तिला कुणी बघणार होतं असं नाही, पण लहरींचा काय भरवसा. माणिकरावांनी मला खिजवायला त्यांचा नोकरीतला लाल काचेचा कंदील आणला होता आणि अप्पांच्या खुंटीला पेटवून टांगला होता.

"चंद्रभानचा रेडिओ," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "जरा कान लावा, बाजारभाव सांगायलाय."

वेळ झाली. अप्पांनी नमस्कार करून बटण फिरवलं.

घर्रर्रर्रर्र.

काटा हलवला. घर्रर्रर्र. रेडिओ पूर्वेला तोंड करून धरला, पश्चिमेला धरला, कडूबाईच्या डोक्यावर ठेवून बघितला. घर्रर्रर्र.

"हे तर जातंच हाय," आत्या म्हणाली. तिचा चेहरा मी बघितला आणि परत बघितला नाही.

"मी काय म्हणालो होतो?" माणिकराव म्हणाले.

मी बाहेर पळालो. स्टेशनाकडं निळ्या ठिणग्या उडत होत्या. ठेकेदाराची माणसं जनरेटर लावून लोखंडाला वेल्डिंग करत होती. एकदम डोक्यात उजेड पडला. प्रश्नपत्रिकेत हाच प्रश्न आला असता तर मी पास झालो असतो. धावत जाऊन मी त्यांच्या मुकादमाच्या कानात ओरडलो, "काम बंद करो! गाना लगने वाला है!"

"किसका?"

"मेरी फुप्पी का!"

"फुप्पी को बोलो, जोर से गाव!"

मी रेडिओ, लहरी आणि ठिणग्या त्याला दख्खनीत समजावून सांगितल्या. दख्खनीत माझं भौतिकशास्त्र आणखी कच्चं आहे. तो म्हणाला, "साब का हुकूम है, अंधेरा पडने के पहले पूरा करना. लाल बत्ती दिखी तोच बंद करते."

मी परत दुकानात आलो. "वेल्डिंगची ठिणगी आहे," धापा टाकत म्हणालो. "ती सगळ्या लांबीच्या लहरी एकदम फेकते, मिसळभाजीसारख्या. त्यात आपली लहर बुडायली. आणि लाल बत्ती दिसल्याशिवाय ते काम थांबवत नाहीत."

"म्हंजे पटरीच्या कामानं रेडिओ बंद पडला," माणिकराव म्हणाले.

"हो, पण कारण—"

"बंद पडला का न्हाई?"

"पडला."

"मोठ्या पटरीमुळं?"

"मोठ्या पटरीच्या वेल्डिंगमुळं."

"मोठ्या पटरीमुळं," माणिकराव गर्दीकडं वळून म्हणाले, आणि गर्दीनं माना हलवल्या. मलाही क्षणभर वाटलं की मीटर गेला की मध्यम लहर जाणारच, सरांनी हे शिकवलं असेल तेव्हा मी वर्गात नसेन.

मी वाद घालत राहिलो. आमच्या मागं खुंटीवरचा कंदील नाहीसा झाला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एकदम घरघर थांबली.

इतकी शांतता झाली की अप्पांच्या दुकानातला उंदीर दचकून बाहेर आला. रेडिओतल्या बाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "...आता ऐकू या चुडावा इथल्या धुरपताबाईंनी म्हटलेल्या ओव्या." आणि मग—

चुडाव्याच्या टेसनात, गाडी थांबली घडीभर
माझ्या बंधवाला सांगा, बहीण आली वाटंवर

हा आवाज गावातल्या कुणीच कधी ऐकला नव्हता. आम्ही ऐकला होता तो जात्यासकट. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. "ही तर माई," ते म्हणाले. माई म्हणजे माझी आजी, त्यांची आई. माझ्या जन्माआधीच गेलेली.

"धुरपताबाईंना पुढं बसवा," अप्पा म्हणाले. "बाई हायत कुठं?"

बाई नव्हत्या. खुंटी रिकामी होती. माणिकराव पोत्यावरून उठले आणि पहिल्यांदाच काही न ठोकता खाली बसले.

मी पुन्हा पळालो. रुळावर लाल ठिपका होता. ठिपक्याच्या अलीकडं वेल्डिंगवाले हात बांधून उभे होते, कारण लाल दिसला की का म्हणून विचारायचं नाही. ठिपक्याच्या पलीकडं एक्सप्रेसचं इंजिन उभं होतं, डोंगराएवढं, धडधडत. आत्यानं वेल्डिंगवाल्यांना लाल दाखवला होता. एक्सप्रेसनं मधल्या मध्ये तो आपल्यासाठीच आहे असं समजून घेतलं.

"आयकू यायलंय का तिकडं?" आत्या ओरडली.

"येतंय! तू इथं काय करायलीस? जा!"

"कंदील खाली केला की हे पुन्हा चालू करत्यात! मला इथं कायीच आयकू येईना रं, हे इंजिन लय घरघरायलंय!"

"दे इकडं! पळ!"

मी कंदील घेतला. ठेवणीतलं लुगडं दोन्ही हातांनी वर धरून आत्या पळाली. मी तिला त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

इंजिनातून ड्रायव्हर उतरून माझ्याकडं आला. "क्या हुआ? पटरी टूटी?"

"नहीं."

"आदमी कटा?"

"नहीं. लहर... एक लहर आने वाली थी..."

ड्रायव्हरनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "तेरे को लहर आई," तो म्हणाला, "तो तू गाडी रोकेगा?"

हे मी त्याला समजावून सांगू शकलो असतो, पण मग तिथंही कुणीतरी मीटर काढला असता. मी कंदील खाली केला. वेल्डिंग चालू झालं. खिडक्यांत पेटलेल्या विड्या आणि उत्सुक तोंडं घेऊन एक्सप्रेस गेली. उतरलेले दोघं मागं राहिले. "पुढची गाडी कवा हाय?" त्यांनी विचारलं. "थांबणारी?" मी म्हणालो. "ही थांबली की," ते म्हणाले.

आत्या दुकानात पोचली तेव्हा रेडिओ मोंढ्यातला ज्वारीचा भाव सांगत होता. तोही अर्धाच सांगितला, मग पुन्हा घरघर. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सगळे एकदम बोलायला लागले.

"लय भारी झालं बगा, धुरपताबाई," अप्पा म्हणाले.

"इतका गोड, की तुझा वाटंना," कडूबाई म्हणाली.

"मग कुणाचा वाटला?"

"माईचा," वडील म्हणाले. "हुबेहूब माईचा."

"माईचा आवाज मला ठावं हाय," आत्या म्हणाली. "माझा कसा होता ते सांगा."

कुणालाच सांगता आलं नाही.

घरी जाताना तिनं मला विचारलं, "आता कुठं असंल रं तो?"

"कोण?"

"माझा आवाज."

मी पुस्तकात होतं ते सांगितलं. लहर निघाली की थांबत नाही. जमिनीवरून निसटलेली तर चंद्राच्याही पुढं जाते, आणि जातच राहते.

"आन् माघारी कवा येती?"

"येत नाही, आत्या."

"जाणारी हाय म्हंजे येणारी बी असंल," ती म्हणाली. "काचीगुड्याला गेलेली गाडी काचीगुड्यालाच ऱ्हाती का?"

हा भाग अभ्यासक्रमात नसावा.

मग साहेब आले. आमच्या गावानं एक्सप्रेसला थांबा मिळावा म्हणून कितीतरी वर्षं अर्ज केले होते. त्याच गावाला आता ती थांबलीच नाही अशी शपथ घ्यावी लागली. माणिकराव म्हणाले, कंदील त्यांनी नोकरी सोडताना जमा केला. अप्पा म्हणाले, दुकान बंद होतं. वडील म्हणाले, त्यांना कमी ऐकू येतं, आणि साहेबांनी प्रश्न चार वेळा विचारला तरी ते तेच म्हणाले. एक्सप्रेसमधून उतरलेले दोघं अजून गावातच होते. त्यांनी सांगितलं की ते मूळचे इथलेच.

"म्हणजे गाडी थांबली नाही," साहेब दमून म्हणाले.

"न्हाई साहेब."

"लाल दिवा नव्हता."

"न्हाई."

"वेल्डिंग थांबलं नाही. गाणंबिणं काही ऐकू आलं नाही."

"कायीच न्हाई."

आत्या तोवर कोपऱ्यात गप्प उभी होती. ती पुढं आली. "साहेब, म्हंजे माझ्या ओव्या चुडाव्यात कुणीच आयकल्या न्हाईत?"

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही खाली बघितलं.

"असंच दिसतं, बाई."

"मग पुन्हा लावायला पायजेत का न्हाई?"

साहेब म्हणाले, ते त्यांच्या खात्याचं काम नाही. माणिकराव म्हणाले, मीटर कुणाच्या खात्यात येतो? साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, काय म्हणायचं असेल ते लेखी द्या. आत्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी तिथंच अप्पांच्या पोत्यावर बसून लेखी दिलं:

"अर्जदार श्रीमती धुरपताबाई, राहणार चुडावा, यांच्या ओव्यांच्या लहरी मध्यम गटातील असून त्या गेल्या बेस्तरवारी सायंकाळी चुडावा स्थानकावर न थांबता पुढे गेलेल्या आहेत. सबब त्या सध्या जिथे असतील तिथून त्यांना परतीच्या मार्गाला लावावे, परतीच्या वेळी चुडावा येथे घडीभराचा थांबा मंजूर करावा, त्या थांब्याच्या अवधीत जनरेटर, इंजिन, गिरणी व जाती बंद ठेवण्याचे आदेश व्हावेत, आणि अर्जदार पायी येणार असल्याने ती दुकानापर्यंत पोचेपर्यंत लहरींना हिरवा दिवा दाखवू नये, ही विनंती. मोठ्या पटरीस अर्जदाराची हरकत नाही."